जोड्या लावल्या, मग मोडल्या कशाला?

आकडेवारीच्या शंकांच्या या महिन्याच्या टपालात खर्रा, कूलर आणि संत्री असा अस्सल नागपुरी ऐवज निघाला. एक पत्र बाकीच्यांच्या मानाने फार लांब होतं, त्यामुळे त्याचं उत्तरही लांबलं आहे. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : मॅडम, मी दंतवैद्यकाची पीजी विद्यार्थिनी आहे. थिसिसचा विषय आहे खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण) आणि तोंडाचा कॅन्सर. ८० पेशंट घेतले आणि प्रत्येकासाठी एक कंट्रोल, म्हणजे कॅन्सर नसलेला माणूस, शोधला: तोच लिंगगट, वयात पाच वर्षांपेक्षा जास्त फरक नाही आणि राहायला त्याच भागात. शोधता शोधता नाकी नऊ आले. आता गाइड सर म्हणतात, "जोड्या-बिड्या सोड, एसपीएसएसमध्ये (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) सरळ बायनरी लॉजिस्टिक लाव." लावलं, तर खर्र्याचा ऑड्स रेशो (खाणाऱ्यांत आणि न खाणाऱ्यांत आजाराच्या शक्यतेची तुलना; १ म्हणजे फरक नाही) २.३ आला. एका सीनियरने सांगितलं, प्रत्येक जोडीला नंबर दे आणि तो कॅटेगोरिकल म्हणून मॉडेलमध्ये टाक. टाकला, तर ९ आला! वयाचं तर कशातच काही येत नाही. मग 'वयाचा संबंध आढळला नाही' असं लिहू का? जोड्यांचा हिशेब सोबत पाठवते. ड्राफ्ट द्यायची तारीख तोंडावर आली आहे आणि मला काही समजून नाही राहिलं.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : हे दोन्ही आकडे बाजूला ठेव. तुझं उत्तर ३ आहे, आणि ते काढायला कॉम्प्युटर लागत नाही. (थिसिस अजून जमा व्हायचा आहे, म्हणून पत्रलेखिकेचे आकडे मी इथे बदलून सोपे केले आहेत. हिशेबाची रीत तीच आहे.)

समज, ८० जोड्यांपैकी ३१ जोड्यांत पेशंट आणि कंट्रोल दोघंही खर्रा खाणारे आहेत. १७ जोड्यांत दोघंही न खाणारे. २४ जोड्यांत फक्त पेशंट खातो आणि ८ जोड्यांत फक्त कंट्रोल खातो. आता पहिल्या ३१ जोड्या डोळ्यांसमोर आण. दोघंही खातात, एकाला कॅन्सर झाला, दुसऱ्याला नाही. इथे खर्र्याबद्दल काय कळलं? काहीच नाही. त्या १७ जोड्यांचंही तसंच. बोलतात फक्त उरलेल्या ३२ जोड्या, जिथे एक खातो आणि दुसरा खात नाही. या ३२ पैकी २४ वेळा आजार खाणाऱ्याच्या वाट्याला आला आणि ८ वेळा न खाणाऱ्याच्या. २४ भागिले ८ म्हणजे ३. झाला ऑड्स रेशो. त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरं उत्तर बहुधा ज्या दोन टोकांच्या मध्ये असावं ती) साधारण १.३५ ते ६.७ येते.

हे खरंच काही आहे की योगायोग, त्याची परीक्षाही याच दोन आकड्यांवर होते. क्विन मॅकनेमार या मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये ती दिली. २४ मधून ८ वजा करून वर्ग कर आणि त्याला ३२ ने भाग: ८ येतात. एका डिग्री ऑफ फ्रीडमला, म्हणजे अशा एकाच तुलनेला, ३.८४ पुरतात (निव्वळ योगायोगाने त्याहून मोठा आकडा शंभरात पाचच वेळा येतो), त्यामुळे इथे शंकेला जागा नाही.

कंडिशनल लॉजिस्टिक रिग्रेशन नावाचं प्रकरण हेच करतं. 'या जोडीत एकाला आजार आहे आणि एकाला नाही, हे ठरलेलंच. मग तो खाणाऱ्यालाच असण्याची शक्यता किती?' एवढंच ते विचारतं. जोडीचं वय, वस्ती, घरची परिस्थिती, जे जे दोघांत सारखं ते आपोआप गळून पडतं. हातानेही हेच जमत असेल तर मॉडेल कशाला, असं विचारशील. दारू, दातांची निगा, शिक्षण हे सगळं सोबत धरायचं असेल तेव्हा हातचा हिशेब पुरत नाही, म्हणून.

मग २.३ कुठून आला? जोड्या मोडल्यास की खाणारे पेशंट ५५, न खाणारे २५. खाणारे कंट्रोल ३९, न खाणारे ४१. ५५ गुणिले ४१ ला २५ गुणिले ३९ ने भागलं की २.३. सरांनी सांगितलेलं मॉडेल हेच करतं. बऱ्याच गाइड मंडळींना वाटतं की मॅचिंग केलं म्हणजे वयाचा, वस्तीचा गोंधळ मिटला, आता साधं ॲनालिसिस चालेल. केस-कंट्रोलमध्ये नेमकं उलटं होतं. पेशंटसारखाच कंट्रोल शोधताना तू खर्र्याच्या सवयीतही तो थोडा पेशंटसारखा निवडलास, कारण वय आणि वस्ती पाहून सवय बरीचशी ठरते. त्यामुळे जोड्या विसरून काढलेलं उत्तर १ कडे सरकतं, म्हणजे खर्रा आहे त्यापेक्षा कमी घातक दिसतो. मॅचिंग केलंस तर ॲनालिसिसलाही ते सांगावं लागतं.

सीनियरची युक्ती त्याहून वाईट आहे, आणि दिसायला हुशारीची असल्यामुळे पसरते. जोडी नंबर कॅटेगोरिकल म्हणून टाकला की मॉडेल जवळजवळ जोड्यांइतकेच गुणांक काढायला बसतं, आणि प्रत्येक गुणांकामागे माणसं दोनच. आणखी जोड्या आणल्यास तर गुणांकही तेवढेच वाढतात, त्यामुळे नमुना कितीही मोठा केला तरी चूक निघत नाही. नेमन आणि स्कॉट या जोडगोळीने १९४८ मध्येच असल्या मॉडेलांचा हा दोष सर्वसाधारण रूपात मांडला होता. एकास एक जोडी आणि खातो-खात नाही असा एकच घटक असेल तर चूक किती, हेही नेमकं सांगता येतं. खरं उत्तर ३ असेल तर त्याचा वर्ग हाती येतो. म्हणून तुझे ९. व्हायव्हात एक्सटर्नलने 'नऊपट?' असं विचारलं असतं तर पंचाईत झाली असती.

एसपीएसएसच्या मेन्यूत कंडिशनल लॉजिस्टिक नावाने सापडत नाही, म्हणून लोक सोडून देतात. कॉक्स रिग्रेशन (मुळात घटना घडायला लागणाऱ्या वेळेचं मॉडेल) उघड. वेळ म्हणून एक नवा रकाना बनव: पेशंटला १, कंट्रोलला २. स्टेटसमध्ये पेशंट ही घटना. स्ट्राटामध्ये जोडी नंबर. एकास एक जोडीत यातून येणारं उत्तर कंडिशनल लॉजिस्टिकचंच असतं. आर किंवा स्टाटा या सॉफ्टवेअरपैकी एखादं येत असेल तर दोन्हींत 'सीलॉजिट' नावाची तयार आज्ञा आहे.

वयाबद्दल 'संबंध आढळला नाही' असं अजिबात लिहू नको. जोडीत वय तूच सारखं करून ठेवलंस, मग फरक दिसणार कसा? ज्या घटकावर मॅचिंग केलं त्याचा स्वतःचा परिणाम या अभ्यासातून काढता येत नाही, एवढंच लिही. हां, खर्र्याचा परिणाम चाळिशीच्या आतल्यांत आणि वरच्यांत वेगळा आहे का, हे मात्र विचारता येतं. त्यासाठी वयोगट आणि खर्रा यांचा गुणाकार मॉडेलमध्ये टाकायचा. पण तुझ्याकडे ३२ च बोलक्या जोड्या आहेत. सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या आराखड्यात) लिहिलेले सगळे घटक एकदम कोंबू नको. दहा घटनांमागे एक घटक हा ठोकताळा १९९६ च्या एका सिम्युलेशन अभ्यासापासून पसरला. तो काही शिलालेख नाही, पण तुला आवर घालायला बरा आहे.

सरांची बाजूही सांगते. नुसते वयोगट आणि लिंग जुळवून गठ्ठ्याने कंट्रोल घेतले असते, ठरावीक पेशंटला ठरावीक माणूस अशी जोडी नसती, तर साधं लॉजिस्टिक चाललं असतं. फक्त वयोगट आणि लिंग मॉडेलमध्ये ठेवावेच लागले असते. सरांना तसा एखादा अभ्यास आठवत असेल. हा परिच्छेद त्यांना दाखव, म्हणजे वाद होणार नाही.

तुझ्या पत्रात शेवटी बारीक अक्षरात एक वाक्य होतं की काही कंट्रोल 'पेशंटसोबत आलेले मित्र' आहेत. तिथे मी थबकले. नागपुरात दोस्त एकाच पानठेल्यावर उभे राहतात. ठेलेवाला सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घेऊन घोटतो आणि तोच खर्रा दोघं वाटून खातात. असा मित्र कंट्रोल म्हणून घेतलास तर तू नकळत खर्र्यावरच मॅचिंग केलंस. त्या जोड्या ३१ च्या गठ्ठ्यात जाऊन गप्प बसणार आणि तुझे श्रम वाया. मित्र कंट्रोल किती आहेत ते मोज, ते वगळून एकदा हिशेब कर आणि दोन्ही उत्तरं थिसिसमध्ये दे.

खर्र्याचे गट पाडतानाही सांभाळ. 'कधीच नाही' हा संदर्भ गट ठेव. तो फार लहान असेल तर बाकी सगळ्या गटांच्या विश्वासमर्यादा लांबच लांब पसरतील, हे आधीच लक्षात घे. आणि 'पूर्वी खायचो, आता सोडला' म्हणणाऱ्या पेशंटला लगेच 'सोडलेला' असा कोड देऊ नको. तोंड उघडेनासं झालं, तिखट लागेना, म्हणून त्याने दोन महिन्यांपूर्वी सोडला असेल. त्याला वेगळ्या गटात टाकलंस तर सोडणाऱ्यांनाच जास्त कॅन्सर होतो असा अफलातून निष्कर्ष निघेल, आणि पानठेल्यावर तो चवीने वाचला जाईल! लक्षणं सुरू होण्याच्या साधारण वर्षभर आधी तो काय खात होता, ते विचार. त्याच्या कंट्रोललाही त्याच तारखेच्या आधीचं विचार. आजचं नाही.

कंट्रोल अजून मिळत असतील तर घे, पण हावरटपणा नको. खर्र्याचा परिणाम फार मोठा नसेल तर, अमर्याद कंट्रोल मिळाल्यावर जेवढी माहिती हाती आली असती त्याच्या ५० टक्के एका कंट्रोलमध्ये मिळते, दोनमध्ये ६७, तीनमध्ये ७५, चारमध्ये ८०. पाचव्याने तीनच टक्के वाढतात. चाराच्या पुढे पायपीट करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : महोदया, मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या वस्तीतल्या मुलांना घेऊन मी घरोघरच्या कूलरची पाहणी केली. ज्यांनी आठवड्यातून एकदा कूलरचं पाणी काढून टाकी कोरडी केली, अशा १०० कूलरपैकी २० मध्ये डासांच्या अळ्या मिळाल्या. ज्यांनी पाणी तसंच ठेवलं, अशा १०० पैकी ५० मध्ये मिळाल्या. भाच्याने लॉजिस्टिक रिग्रेशन करून ऑड्स रेशो ४ काढून दिला. आम्ही पत्रक छापलं: 'पाणी साचू दिल्यास अळ्यांचा धोका चौपट!' एका शेजाऱ्याने ५० भागिले २० करून अडीचपट म्हटलं आणि सभेतच वाद झाला. बरोबर कोण?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : गुरुजी, शेजारी बरोबर आहे. भाच्याचं गणितही बरोबर आहे. चुकलं ते पत्रक.

ऑड्स म्हणजे होण्याला न होण्याने भागणं. पाणी ठेवलेल्यांत ५० ला ५०, म्हणजे १. काढलेल्यांत २० ला ८०, म्हणजे पाव. १ भागिले पाव, ४. लोक 'चौपट धोका' वाचतात तेव्हा त्यांच्या डोक्यात शंभरातले किती, हाच हिशेब असतो, आणि तो अडीचपट येतो. हेच प्रमाण हजारात ४ आणि हजारात १ असं असतं तर ऑड्स रेशो आणि पट यांत फरक दिसलाच नसता. गोष्ट दुर्मिळ असली की दोन्ही एकच होतात. हे जेरोम कॉर्नफील्ड यांनी १९५१ मध्ये दाखवलं. तुमच्या वस्तीतल्या अळ्या दुर्मिळ नाहीत, एवढीच अडचण.

मग ऑड्स रेशो वापरायचाच कशाला? वरच्या मुलीच्या अभ्यासासारख्या ठिकाणी दुसरा इलाज नसतो. ८० पेशंट आणि ८० कंट्रोल तिनेच ठरवून घेतले. 'खर्रा खाणाऱ्यांत शंभरातल्या किती जणांना कॅन्सर' हा प्रश्नच तिथे विचारता येत नाही, कारण निम्म्यांना कॅन्सर असणार हे तिनेच ठरवलं आहे. ऑड्स रेशो मात्र आजाराकडून सवयीकडे बघा की सवयीकडून आजाराकडे, तोच येतो. तुम्ही कूलर मोजलेत, अळ्या पाहून कूलर निवडले नाहीत. तुमच्याकडे सरळ टक्के आहेत, तेच छापा.

कूलर उन्हात की सावलीत, टाकी प्लास्टिकची की पत्र्याची, हेही सोबत धरायचं असेल तर भाच्याला लॉग-बायनॉमियल मॉडेल लावायला सांगा. ते कधी कधी अडून बसतं, उत्तर देत नाही. तेव्हा पॉइसन रिग्रेशन लावून स्टँडर्ड एरर रोबस्ट पद्धतीने काढायचे. ही वाट २००४ पासून चांगली रुळली आहे, आणि तिच्यातून थेट 'पट' मिळते. एका घरात दोन कूलर असतील तर घर नंबरही द्यायला सांगा, कारण टाकी कोरडी करणारा माणूस एकच असतो.

नवं पत्रक छापाल तेव्हा पट वगैरे काही नको. 'शंभरात ५० आणि शंभरात २०' असं ठळक छापा. सभेत भांडणाला जागा उरणार नाही.

प्रश्न : ताई, आमची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. मुलगी कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने २० झाडांना एका पद्धतीने पाणी दिलं आणि २० ना दुसऱ्या. आंबिया बहाराची प्रत्येक झाडाची ६० फळं तोडून ए, बी, सी अशी प्रतवारी केली. ए ला ३, बी ला २, सी ला १ गुण देऊन सरासरी काढली आणि रिग्रेशन लावलं. पी व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०००१ पेक्षाही कमी आला. इतका छान आला की आम्हालाच शंका आली.
— एक वाचक, काटोल

उत्तर : भाऊ, शंका घेतलीत ते उत्तम केलंत.

आधी मोठी गोष्ट. फळं २४०० असली तरी झाडं ४० च आहेत, आणि पाणी झाडाला दिलं, फळाला नाही. एका झाडाची ६० फळं एकाच मुळावर पोसलेली. झाड जोमाचं असेल तर साठही बरी निघतात. त्यांना साठ वेगवेगळे साक्षीदार मानलं की पी व्हॅल्यू उगाच चिमुकला होतो. मॉडेलला झाडाचा नंबर द्यायलाच हवा, मिश्र मॉडेलमधून रँडम इफेक्ट म्हणून किंवा जीईई पद्धतीने. मुलीने फळाच्या नोंदीत झाडाचा नंबर लिहिला असेल अशी आशा आहे. नसेल तर ती आधी वही शोधू दे.

गुणांचं म्हणाल तर ३, २, १ दिले की ए आणि बी मधलं अंतर बी आणि सी मधल्या अंतराएवढंच धरलं जातं. कळमन्याच्या बाजारात माल विकणाऱ्या माणसाला हे पटेल का? क्रम आहे पण अंतर माहीत नाही, अशा गटांसाठी पीटर मॅकक्युलाह यांनी १९८० मध्ये प्रपोर्शनल ऑड्स मॉडेल नीट बसवून दिलं. ते दोन काप घेतं: एकीकडे ए आणि दुसरीकडे बी-सी, मग एकीकडे ए-बी आणि दुसरीकडे सी. पाण्याच्या पद्धतीचा ऑड्स रेशो दोन्ही कापांत एकच आहे, असं ते गृहीत धरतं.

हे गृहीतक आंधळेपणाने मानायचं नाही. दोन्ही कापांची लॉजिस्टिक वेगवेगळी काढून बघा. जास्त पाण्याने फळ मोठं होऊन सी चं बी झालं, पण साल जाड झाल्यामुळे बी चं ए काही झालं नाही, असं असू शकतं. तसं असेल तर एकच आकडा देऊ नका, दोन्ही द्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच खरी बातमी आहे.

प्रश्न : मॅडम, माझ्या प्रोजेक्टमध्ये एका घटकाचा ऑड्स रेशो एकशे एकसष्ट कोटी आला आहे आणि पी व्हॅल्यू ०.९९९. कॉम्प्युटर बिघडला का?
— एक वाचक, इतवारी

उत्तर : कॉम्प्युटर ठणठणीत आहे. तक्त्याचा एक खाना रिकामा असणार.

१९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी लंडनच्या इस्पितळांतून फुप्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट आणि त्यांना जुळणारे कंट्रोल घेतले. पुरुषांत ६४९ पेशंटपैकी सिगारेट-विडी न ओढणारे फक्त २ निघाले, ६४९ कंट्रोलपैकी २७. त्यावरून ऑड्स रेशो साधारण १४ येतो. त्या दोघांच्या जागी कोणीच नसतं तर शून्याने भागावं लागलं असतं, आणि मॉडेल अनंताकडे धावत सुटलं असतं. तुमच्या एसपीएसएसने धाप लागल्यावर जिथे थांबून घेतलं, ते हे एकशे एकसष्ट कोटी. पी व्हॅल्यू ०.९९९ पाहून 'परिणाम नाही' म्हणू नका; परिणाम बहुधा जबरदस्त आहे, पण ही पद्धत तो मोजू शकत नाही.

डेव्हिड फर्थ यांनी १९९३ मध्ये दिलेली दुरुस्ती वापरली की आवाक्यातला आकडा मिळतो, आर मध्ये ती 'लॉजिस्टएफ' नावाने मिळते. नमुना लहान असेल तर एक्झॅक्ट लॉजिस्टिकही चालेल. पण त्याआधी मूळ फॉर्म काढा. त्या खान्यात खरोखर कोणी नव्हतं, की डेटा भरताना कुणी 'नाही' च्या जागी रकाना तसाच सोडला, ते एकेक फॉर्म बघून ठरवा. तोवर तो तक्ता रिपोर्टमध्ये चिकटवू नका.